तीनदा विचारायचं असतं

रियाध, १९ जानेवारी

म्हणजे चूक माझीच. गोष्ट तू लिहिलीस, इंग्लंडातल्या त्या छापणाऱ्या बाईनं ती पुस्तकात घेतली, आणि मी एक फोन केला तर मी तुझ्या कामात नाक खुपसते. वर फोन आपटलास. त्यानंतर उचलतही नाहीस. मी बोलून पाठवलेले मेसेज तू ऐकलेले नाहीत हेसुद्धा मला दिसतं. मला वाचता कमी येतं, दिसतं सगळं.

ठीक आहे. कागदावर लिहिते. हर्णैच्या शाळेत चौथीपर्यंत गेले होते, तेवढं तुला पुरेल. आणि नाहीतरी हे फोनवर बोलायचं नाही. मधे कोण ऐकतं कुणास ठाऊक. हे पाकीट मी स्वतः बत्ह्याच्या बाजारात कुरियरवाल्याकडे देणार आहे. तुझ्या अब्बांचं दुकान तिथून चार पावलांवर, पण त्यांना आत काय आहे ते सांगितलेलं नाही.

तुझी गोष्ट अफशाँनं मला वाचून दाखवली. तुझी बहीण म्हणजे अर्धं हिंदीत सांगणार, अर्धं इंग्रजीतच ठेवणार. मी भाकऱ्या थापत होते. पहिलं पान झालं आणि मी विचारलं, ही कोण बाई गो, सारखी खिडकीत बसून रडते? तर अफशाँ म्हणाली, "अम्मी, दॅट इज फरीबा खाला."

मी हसले. फरीबा, आपली जुनी इराणी शेजारीण, आणि खिडकीत रडणार. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा पहिल्याच महिन्यात जिनं नवऱ्याला, डॉक्टर उस्मानना, मागच्या सीटवर बसवून ओलायाच्या मोठ्या रस्त्यावर चकरा मारल्या, ती. भाजीवाल्या बंगाल्याशी तीन भाषांत भांडते, ती. तुझ्या गोष्टीत पानापानावर डाळिंबं आहेत. तिच्या दातात दाणे अडकतात म्हणून ती डाळिंबाला हात लावत नाही. चहाचं ते मोठं पितळी भांडं लिहिलंयस, तिच्याकडे विजेची किटली आहे, झाकण तुटलेली. अफशाँला विचारलं, असं का लिहिलं हिनं? ती म्हणाली, तिकडच्या लोकांना इराण असाच लागतो. असेल. तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं. रडवायचं तर रडव.

पुढची पानं आली आणि माझी भाकरी तव्यावर जळली.

तिच्या भावाचं नाव मी इथं लिहीत नाही, गावाचंही नाही. तूही उत्तरात लिहू नकोस. तू गोष्टीत दोन्ही बदललंस, ते कळलं मला. पण बाकीचं? बाप घड्याळं दुरुस्त करणारा. आईच्या एका डोळ्यात फूल पडलेलं. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि तिथल्याच हिंदुस्तानी डॉक्टरशी लग्न करून बसली. अशी घरं त्या गावात किती असतील, फरहाना? मला चौथी शिकलेलीला कळलं. ज्याला शोधायचंच आहे त्याला कळणार नाही?

आणि भाऊ. शाळेत मास्तर होता, निदर्शनं करणाऱ्या मुलींना पकडायला पोलीस आले तेव्हा त्यानं मागचं फाटक उघडून त्यांना पळू दिलं. त्यानंतर तो नाहीसा झाला. सगळ्यांना सांगितलंय की तो डोंगरातून सरहद्द ओलांडून गेला. तो खरा कुठे आहे हे जगात पाचसहा माणसांना माहीत होतं. तुझ्या गोष्टीत आता ते छापून येणार. आईच्याच घरात, लोणच्याच्या बरण्यांच्या खोलीच्या मागे. दाराचा रंगसुद्धा लिहिलायस.

हे फरीबानं मला सांगितलं होतं, माझ्या स्वयंपाकघरात, तोंडावर ओढणी दाबून. तू सुट्टीवर आली होतीस, लसूण सोलत बसली होतीस. तुला उठवलं नाही, कारण तू तिच्याच हातची वाढलेलीस. अब्बा कामासाठी लांब राबिघला होते त्या वर्षी शाळेतून तुला रोज कोण आणत होतं? तिच्या घरी जेवायचीस, तिच्याच मांडीवर झोपायचीस.

फरीबा दहा मार्चला गावी जायची आहे, दुबईवरून. आईचा दुसरा डोळाही जायला लागलाय. म्हातारी म्हणते, दिसतंय तोवर ये. त्यांचं नवं वर्ष, नवरोज, वीस तारखेला.

ती गोष्ट पुस्तकातून काढ. बाकी काय लिहायचं ते लिही.

अम्मी


रियाध, २ फेब्रुवारी

तुझं उत्तर अफशाँच्या फोनवर आलं. लांबलचक. मला लिहिलं असतंस तर मीच वाचलं असतं, मराठी अजून विसरले नाही, तू विसरलीस. सांभाळून लिहिलंस, नावं घातली नाहीस, तेवढी अक्कल आहे हे बरं झालं.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. एक, ही कल्पित गोष्ट आहे. दोन, पुस्तकाचं नावच त्या गोष्टीवर आहे, ती काढली तर पुस्तक राहत नाही. तीन, इंग्लंडात छापलेलं पुस्तक तिच्या गावात कोण वाचणार. आणि चार, तू फरीबाला विचारलं होतंस. गेल्या उन्हाळ्यात तिच्या घरी बसून विचारलंस, खाला, तुमच्या घरावर लिहू का, आणि ती म्हणाली, लिही की, सगळं तुझंच आहे.

म्हणाली असेल. ती म्हणणारच.

फरहाना, निळ्या तबकाचं तू विसरलीस? तू नऊ वर्षांची होतीस. तेव्हा समोरासमोर दारं आपली, पहिलीच ईद, तिच्याकडे गेलो. भिंतीवर ते तबक होतं, बारीक निळं नक्षीकाम, मधे पक्षी. मी आपलं म्हटलं, काय सुरेख आहे. तिनं लगेच काढलं भिंतीवरून. म्हणाली, तुमचंच आहे, घेऊन जा. मी एकदा नको म्हटलं, ती पुन्हा घ्या म्हणाली, मी घेतलं. हर्णैला कुणी देतो म्हणालं तर ते देतं. तूच छातीशी धरून घरी आणलंस. दोन वर्षांनी, मैत्री मुरल्यावर, तिनंच मला सांगितलं की ते तबक तिच्या आजीचं होतं. मी कपाळावर हात मारला. तेव्हा तिनं शिकवलं मला. त्यांच्यात समोरच्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. दुकानदारही पैसे नको म्हणतो, टॅक्सीवालाही म्हणतो, असू द्या, तुमचीच गाडी. म्हणून कुणी पैसे न देता उतरतं? घेणाऱ्यानं नको म्हणायचं, पुन्हा म्हणायचं, तिसऱ्यांदाही समोरचा देतोच म्हणाला तर खरं. मी परत द्यायला गेले तर ऐकेना, म्हणाली आता परत आणलंस तर मला अपमान. तेव्हापासून ते आपल्या कपाटात आहे.

आणि अफशाँ म्हणते, ही सगळी रीत तू तुझ्या गोष्टीत लिहिलीयेस. पाऊण पान. तिथल्या लोकांना समजावून सांगितलंयस की इराणी माणसाचा हो कसा लगेच धरायचा नसतो. तिथल्या लोकांना समजावलंस आणि स्वतः पहिल्याच ‘हो’ला घेऊन पळालीस. माझ्यासारखीच. मी तबक आणलं, तू तिचं घर आणलंस.

कल्पित म्हणतेस. दाराचा रंग कल्पित आहे का?

मी गेले होते तिच्याकडे मंगळवारी. ती डॉक्टरांच्या सदऱ्याला बटण लावत होती. मी सरळ सांगितलं, मला फिरवून बोलता येत नाही. सांगितलं की फरूनं तुझ्या घरावर लिहिलंय, भावाचंही आहे, मला ते नको वाटतं, तुला काय वाटतं? तिनं सुई तशीच हातात धरली. मग म्हणाली, मुलगी मोठी लेखिका झाली, मला आनंद आहे, लिहू दे. चहा घेशील ना? आणि चहा करायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

अफशाँला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग झालं की, शी सेड येस. तूही हेच म्हणशील म्हणून आधीच लिहिते. मी एकदाच विचारलंय.

अम्मी

ता.क. आपल्याकडे काय कमी होतं? हर्णैची जेट्टी, आजीचा सुकटीचा धंदा, रियाधला पाच माणसं एका खोलीत. अफशाँ म्हणते, तू तिला सांगितलंस की कोकणातल्या मुसलमानांचं तिकडे कोण वाचणार, इराणचं म्हटलं की लगेच घेतात. लोक घेतात म्हणून आपण शेजारणीचं घर द्यायचं?


रियाध, १४ फेब्रुवारी, शुक्रवार

तुझं उत्तर नाही. अफशाँला तेवढं कळवलंस, अम्मीला सांग मी बिझी आहे, अठ्ठावीस तारखेला पुस्तक छापायला जातंय. बरं झालं तारीख तरी कळली.

आता ऐक काय झालं. इंग्लंडात कोण वाचणार म्हणत होतीस ना. गेल्या रविवारी फरीबाला लंडनहून तिच्या मामेबहिणीचा फोन आला. ती म्हणाली, इंटरनेटवर कुठल्या तरी नव्या पुस्तकातलं एक पान आलंय, त्यात अगदी माझ्या आत्यासारखी, म्हणजे फरीबाच्या आईसारखी, म्हातारी आहे, एका डोळ्यात फूल पडलेली, आणि जावई हिंदुस्तानी डॉक्टर. काय गंमत आहे बघ, असं हसून म्हणाली. तिला बिचारीला बाकीचं माहीत नाही, तिच्या हिशेबी भाऊ सरहद्दीपलीकडे गेलेला. पण तिला म्हातारी ओळखता आली. एका पानावरून. अजून ती खोली आलेली नाही, ती पुढच्या पानांवर आहे. पुढची पानं छापून आली की ती हसणार नाही.

हे मला फरीबानं सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं. दुकानात आले होते, अब्बा नमाजाला गेलेले, मी गल्ल्यावर बसले होते. डॉक्टर कधी आवाज चढवत नाहीत, तुला माहीत आहे. म्हणाले, नूरुन्निसा, ती झोपत नाही. बॅग पलंगावर उघडी आहे, सकाळी कपडे भरते, दुपारी काढते. मी म्हटलं, मग तिला फरूला फोन करून नाही म्हणायला काय झालं? ते म्हणाले, तीस वर्षं झाली लग्नाला, मलासुद्धा ती अजून तोंडावर नाही म्हणत नाही, मीच ओळखून घेतो.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिनं दार उघडलं, केस विंचरलेले नव्हते. मी म्हटलं, फरीबा, लंडनचं कळलं मला. मी तिला काढायला सांगते. तर माझा हात धरून म्हणाली, नको, पोरीच्या मेहनतीचं आहे, कशाला तिचं मन मोडायचं. जे नशिबात असेल ते होईल. आणि माझ्या पुढ्यात बिस्किटं मांडायला लागली. बशी भरली तरी मांडतच राहिली. मी तिथेच ओरडणार होते. मला असलं जमत नाही. हो तर हो, नाही तर नाही, आयुष्यभर मी असंच बोलले आणि भांडणं ओढवून घेतली. पण तिच्या घरी तिच्या रीतीनं जावं लागतं.

मला आता फोन वाजला की धडकी भरते. दारावर कुणी आलं तरी. काल कुरियरवाल्यानं सही मागितली तर मी विचारलं, कशासाठी, कुणी पाठवलंय? वीजबिलाचं पाकीट होतं.

ते पान तेवढं इंटरनेटवरून आजच्या आज काढायला सांग. एवढं तरी कर. बाकीचं मी पुढच्या पत्रात लिहिते. मला अजून एकदा तिच्याकडे जायचंय.

अम्मी


रियाध, २० फेब्रुवारी, गुरुवार

पान निघालं. अफशाँनं बघून सांगितलं. तू केलंस की त्या बाईनं, मला माहीत नाही, पण तूच केलंस असं मी धरून चालते.

आता हे नीट वाच, दोनदा वाच. हे पत्र मी दोन दिवस लिहितेय.

काल कपाटातलं तबक काढलं. जुन्या ओढणीत गुंडाळलं आणि टॅक्सीनं गेले. तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. ती म्हणाली, हे काय, हे तुझं आहे. मी म्हटलं, घे. ती म्हणाली, नको नूरी, तुझ्या घरात ते शोभतं, मुलींना सवय झालीय त्याची. मी पुन्हा म्हटलं, घे. ती पुन्हा नाही म्हणाली, तबक माझ्याकडे सरकवलं. मी परत तिच्याकडे सरकवलं आणि हात वरच ठेवला. म्हटलं, आता माझं तीनदा झालं, आता घ्यावंच लागेल, तूच शिकवलंस.

तिनं ओढणी सोडली. पक्ष्यावरून बोट फिरवलं. मग हसायला लागली, म्हणाली, अठरा वर्षं लागली तुला. तिचं ते पुण्याचं मराठी, सदाशिव पेठेतल्या घरमालकिणीकडून शिकलेलं.

तेव्हा मी विचारलं. "फरीबा, फरूची गोष्ट छापायची का?"

ती तबकाच्या कडा ओढणीनं पुसत राहिली. मी वाट बघत बसले. मला गप्प बसायला किती त्रास होतो तुला माहीत आहे.

मग म्हणाली, "काढायला सांग, नूरी. मी तिला नाही म्हणू शकत नाही, माझ्या मांडीवर झोपलेली पोर आहे. तू सांग."

मग सगळं बाहेर पडलं. ती गोष्ट छापली गेली तर ती जाणार नाही. पासपोर्ट आता भारताचा असला तरी जन्मगाव त्यावर आहे. उतरल्यावर विचारतात, कुणाची मुलगी, कुठे जाणार, नवरा काय करतो. हिंदुस्तानी डॉक्टर म्हटलं की कुणाच्या तरी लक्षात येईल. मग एक माणूस नुसता तिच्या मागोमाग घरापर्यंत येईल, तेवढं पुरे. म्हणून ती आईला सांगणार की सुट्टी मिळाली नाही. म्हातारीला पुढच्या वर्षी ती दिसणार नाही. आवाज येईल फक्त. आणि जरी ती गेली नाही तरी ती खोली पुस्तकात असणार, वाटेल त्याला उघडून बघता येणार. भावाला तिथून हलवायचं तर कुठे?

आता तुझं. तुला पुस्तक हवंय. तुझी पाच वर्षं त्यात गेलीत, तिकडे भाड्याच्या खोलीत रात्रपाळ्या करून लिहिलंस, ते मला कळत नाही असं समजू नकोस. मधली गोष्ट काढली तर भोक पडतं म्हणतेस. त्या भोकात घालायला मी देते गोष्ट.

अब्बा राबिघला कधीच नव्हते.

तुला तेच सांगितलं होतं, शाळेत, शेजारी, हर्णैला, सगळ्यांना तेच. रिफायनरीत काम मिळालं म्हणून. खरं असं की जुन्या कफीलाशी, ज्याच्या नावावर व्हिसा होता त्या मालकाशी, पगारावरून भांडण झालं आणि त्यानं अब्बा पळून गेले म्हणून पोलिसांत नाव देऊन टाकलं. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, बाद. रस्त्यात पकडलं की आधी तुरुंग, मग कायमचं घरी. अफशाँ पोटात होती. आपल्या घरावर कफीलाची माणसं दोनदा येऊन गेली, तुला आठवेल, तू अभ्यास करत होतीस, मी सांगितलं वीजवाले आहेत.

अब्बा समोरच्या दारात होते. फरीबाच्या स्वयंपाकघरामागे, जिथे ती तांदळाची पोती आणि लोणची ठेवायची तिथे. आठ महिने. तू रोज शाळेतून तिथेच जायचीस, जेवायचीस, झोपायचीस, आणि भिंतीपलीकडे तुझा बाप तुझे पाढे ऐकत बसायचा. तू मोठ्यानं म्हणावेस म्हणून ती म्हणायची, मोठ्यानं म्हण, खालाला ऐकू येत नाही. तिचे कान तिखट आहेत, फरहाना. त्याला ताप आला तेव्हा डॉक्टर आपल्याच घरात चोरासारखे सुई घेऊन जायचे. त्यांचीही नोकरी गेली असती. मग सरकारनं अशा लोकांना कागद नीट करायला मुदत दिली, नवा कफील मिळाला, कागद सरळ झाले, आणि अब्बा बॅग घेऊन जिना उतरून पुन्हा चढले, राबिघहून आल्यासारखे. तू धावत जाऊन बिलगलीस. फरीबा दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती.

भावाला लोणच्याच्या खोलीत ठेवायची कल्पना तिच्या आईला कुणी दिली असेल वाटतं तुला?

तिनं आमचं आजवर कुणाला सांगितलं नाही. स्वतःच्या बहिणीलाही नाही.

ही गोष्ट घे. हिच्यात डाळिंबं नाहीत आणि इराणही फार नाही, तुझी ती बाई नाक मुरडेल तर मुरडू दे. डॉक्टर येत्या जूनमध्ये नोकरी सोडून पुण्याला जातायत. तरी मी त्यांना विचारलं, लिहू दे का. तीनदा विचारलं. तिसऱ्यांदाही हो म्हणाले, आणि म्हणाले, मला जरा उंच लिहायला सांग. फरीबालाही तीनदा विचारलं, तिनं तिसऱ्या वेळी माझ्या पाठीत धपाटा घातला. अब्बांना एकदाच विचारलं. ते दुकानात पेट्या लावत होते, पाठ न वळवता त्यांनी आणखी दोन पेट्या लावल्या. मग म्हणाले, पाढ्यांचं लिही म्हणावं, सत्तावीसला ती नेहमी अडकायची.

आणि मी. माझी परवानगी आहे. आपल्यात एकदा दिलं की दिलं, मला परत विचारू नकोस.

पुढच्या गुरुवारी, सत्तावीस तारखेला, फरीबा तिकीट ठेवायचं की रद्द करायचं ते ठरवणार आहे. शुक्रवारी तुझं छापायला जाणार, शनिवारी रोजे सुरू. बॅग अजून पलंगावर उघडी आहे. गुरुवारी दुपारी असरच्या नमाजाआधी मला फोन कर. अफशाँला नाही, मला. मी त्या दिवशी तिच्याच घरी बसणार आहे. काढलीस की नाही एवढंच सांग, एका शब्दात, मी तिला लगेच सांगेन. फोन आला नाही तर मी ती बॅग रिकामी करायला तिला मदत करेन आणि मग तुझ्याशी काय बोलायचं ते बघेन.

अम्मी